मोबाइलमधल्या पासवर्डवाल्या फायली: कुलूप कुठलं आणि नुसतं लोटलेलं दार कुठलं

झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर नंबर लिहिलेला असतो, ‘येथे व्हॉट्सअ‍ॅप करा’. आईच्या बँकेच्या केवायसीसाठी आधारची प्रत हवी होती. मी त्या नंबरावर ई-आधारची पीडीएफ पाठवली आणि अडखळले. आता पासवर्ड चारचौघांत मोठ्यानं कसा सांगायचा? दुकानातल्या मुलानं मान वर न करता विचारलं, “नाव काय त्यांचं, काकू?” नाव सांगितलं. त्यानं चार अक्षरं टाइप केली. “साल?” तेही सांगितलं. झालं, फाइल उघडली.

प्रिंट निघेपर्यंत माझी नजर त्याच्या पडद्यावर गेली. डाउनलोडचं फोल्डर उघडंच होतं. खाली खाली जावं तेवढी अर्ध्या पेठेची आधारकार्डं, सातबारे, दहावीच्या गुणपत्रिका, कुणाची तरी पगारपत्रिका. माझ्या आईची फाइल सगळ्यांत वर.

‘पासवर्ड आहे ना फाइलला, मग काय काळजी’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलंय. त्या दिवसानंतर एक अख्खा रविवार घालवून माझा आणि आईचा, दोन्ही फोन उपसून काढले. मी शाळेच्या कार्यालयात काम करते, संगणकातली तज्ज्ञ वगैरे नाही. इंजिनिअरिंगला असलेला भाचा सोबत बसला होता. जे कळलं ते त्याच क्रमानं लिहितेय. मुख्यतः अँड्रॉइडबद्दल आहे; आयफोनचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

• फोन, चार्जर आणि दोन-तीन तास.
• फोनच्या लॉकचा पिन. हसू नका, रोज बोट टेकवून उघडणाऱ्या कितीतरी जणांना तो आठवत नाही. आईला आठवत नव्हता.
• गूगल किंवा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड.
• एक वही आणि पेन. हो, कागदच.
• फोनचं बिल किंवा डबा, आयएमईआय क्रमांकासाठी (म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक).
• घरात संगणक असेल तर उत्तम. नसला तरी अडत नाही.

१. अशा फायली किती आहेत ते आधी मोजा

फाइल मॅनेजर उघडा, वर शोधायच्या जागी ‘पीडीएफ’ टाका आणि यादी बघा. मग झिप (अनेक फायलींचा एक गठ्ठा), मग एक्सेल. माझ्या फोनमध्ये एकच ई-आधार सात ठिकाणी निघालं. डाउनलोडमध्ये तीन, नावापुढे कंसात एक, दोन असे आकडे लागलेली. दर वेळी सापडलं नाही की मी नव्यानं उतरवलेलं. बाकीची व्हॉट्सअ‍ॅपच्या पोटात.

वहीत तीन रकाने करा: फाइल, पासवर्ड कुणी ठरवला, गेली तर नुकसान काय. तिसऱ्या रकान्यात प्रामाणिक राहा. वीजबिलाच्या पीडीएफला कुलूप असलं काय, नसलं काय. बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट, आयकराचं विवरण, आधार, घराचं खरेदीखत, दवाखान्याचे रिपोर्ट, यांच्यावर वेळ घालवा.

२. पासवर्ड कशापासून बनलाय ते बघा

या सगळ्या प्रकरणाचं मर्म या पायरीत आहे, म्हणून जरा थांबते.

आपल्याकडच्या बहुतेक पासवर्डवाल्या फायलींचा पासवर्ड आपण ठरवलेला नसतो. पाठवणाऱ्यानं एक सूत्र ठरवलेलं असतं. ई-आधारचं सूत्र आहे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाला, म्हणजे एआयएसला, छोट्या लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. बँकांचं कुठे जन्मतारीख, कुठे ग्राहक क्रमांक, कुठे नाव आणि तारखेची खिचडी. आणि हे सूत्र बहुधा त्याच ईमेलमध्ये, फाइलच्या वरतीच लिहिलेलं असतं. घराला कुलूप लावून किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवायची आणि दारावर चिठ्ठी चिकटवायची, ‘किल्ली कुंडीखाली’.

आता थोडा हिशोब. तुमचं नाव माहीत असलेल्या माणसाला ई-आधारसाठी फक्त साल ओळखायचंय. शंभर वर्षं धरली तरी शंभर शक्यता. नाव माहीत नसलं, तर चार अक्षरांच्या ४,५६,९७६ जोड्या गुणिले शंभर, म्हणजे साडेचार कोटींच्या वर. ऐकायला मोठं वाटतं, संगणकाला नाही. नुसती जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांच्या मिळून ३६,५२५ तारखा. पॅन त्यातल्या त्यात बरा दिसतो, दहा अक्षरं. पण त्यालाही ठरलेली बांधणी आहे: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. आडनाव माहीत असेल तर उरतात सुमारे ४५७ कोटी शक्यता. शिवाय पॅन ओळखत बसायची गरजच काय, तो भाडेकरारापासून फॉर्म सोळापर्यंत सगळीकडे छापलेला असतो.

भाच्यानं माझ्याच ई-आधारवर हे करून दाखवलं. त्याच्या लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्रॅम: नाव माझं, साल १९२५ पासून एकेक. मी चहाचा कप टेबलावर ठेवला तेव्हा फाइल उघडलेली होती. (प्रयोग करायचाच तर स्वतःच्या फाइलवर करा. दुसऱ्याची फाइल अशी उघडणं गुन्हा आहे.)

फाइलच्या पासवर्डाची आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. फाइल चुकीच्या उत्तरानं दमत नाही. एटीएम तीन चुकांनंतर कार्ड अडवतं, फोन चुका वाढल्या की थांबायला लावतो. फाइलची प्रत एकदा कुणाच्या संगणकावर गेली की तो रात्रभर, आठवडाभर अंदाज मारत राहू शकतो आणि तुम्हाला कळतही नाही.

मग हे सूत्रवाले पासवर्ड निरुपयोगी का? अगदी तसं नाही. ईमेल चुकून भलत्या पत्त्यावर गेला, तर त्या भलत्या माणसाला तुमची जन्मतारीख माहीत नसते. तो दोन वेळा बघेल आणि सोडून देईल. फाइल वाटेत असताना तेवढं पुरतं. फोनमध्ये कायमची ठेवायला मात्र पुरत नाही. शिवाय फोन चोरणाऱ्याच्या हातात ईमेल, आधार, पॅन आणि वाढदिवसाचे मेसेज सगळं एकदमच येतं.

३. फाइल कुठल्या प्रकारची आहे

पीडीएफला दोन निरनिराळे पासवर्ड असू शकतात. एक उघडण्याचा. दुसरा छपाई, कॉपी, बदल यांवर बंदी घालणारा. हा दुसरा म्हणजे नुसती विनंती आहे. सभ्य सॉफ्टवेअर ती पाळतं, बाकीचं दुर्लक्ष करतं. फाइल पासवर्ड न विचारता उघडते, पण प्रिंट होत नाही, असं दिसलं तर ती सुरक्षित नाही, फक्त गैरसोयीची आहे.

उघडण्याच्या पासवर्डातही जुनं-नवं आहे. सुरुवातीच्या पीडीएफमध्ये ४० बिटांची चावी असायची. म्हणजे एकूण सुमारे १.१ लाख कोटी चाव्या, आणि आजचा संगणक त्या सगळ्या फिरवून बघू शकतो. तुमचा पासवर्ड कितीही लांबलचक असो. नंतर १२८ बिट आले, मग २००८ मध्ये अडोबी कंपनीच्या अ‍ॅक्रोबॅट ९ बरोबर एईएस-२५६, म्हणजे एईएस नावाच्या कुलूपपद्धतीची २५६ बिटांची चावी. गंमत अशी की त्या पहिल्या एईएस-२५६ मध्ये पासवर्ड तपासण्याची रीत इतकी हलकी केली होती की अंदाज मारणं आधीपेक्षा सोपं झालं. ती चूक नंतर दुरुस्त झाली, आणि ती सुधारलेली पद्धत २०१७ च्या पीडीएफ २.० या प्रमाणकात आली. तुमची फाइल कुठल्या जातीची आहे ते संगणकावरच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये, फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी या भागात दिसतं.

एक्सेल आणि वर्ड: उघडण्याचा पासवर्ड घातलेली आजची फाइल बऱ्यापैकी भक्कम असते. ऑफिस २०१० पासून प्रत्येक अंदाजामागे संगणकाला एक लाख वेळा तीच आकडेमोड करावी लागते, त्यामुळे अंदाजांचा वेग मरतो. पण २००३ आणि त्याआधीच्या पद्धतीनं साठवलेल्या जुन्या फायली सहसा ४० बिटांच्याच. आणि ‘प्रोटेक्ट शीट’ला पासवर्ड समजू नका. आमच्या कार्यालयात पगाराची शीट वर्षानुवर्षं ‘प्रोटेक्ट’ करून पाठवली जायची आणि सगळे निश्चिंत. त्या शीटमधले आकडे कुणीही वाचू शकत होतं; चुकून खोडले जाऊ नयेत एवढीच ती सोय.

झिपमध्ये दोन पंथ आहेत. जुन्या झिप-क्रिप्टो पद्धतीचा कमकुवतपणा एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवला: आतल्या एखाद्या फाइलचा थोडा मजकूर आधीच माहीत असेल तर पासवर्ड न ओळखताच पेटी उघडते. नवी पद्धत एईएसची. अडचण ही की ‘सगळीकडे उघडावी’ म्हणून पुष्कळ अ‍ॅप आपणहून जुनीच पद्धत वापरतात. शिवाय झिप कुठलीही असो, आतल्या फायलींची नावं उघडीच राहतात. ‘घटस्फोट-अर्ज’ असं नाव दिसलं तर पासवर्ड फोडायची गरज कुणाला?

४. फोनचं स्वतःचं कुलूप नीट लावा

मला हे सगळ्यांत उशिरा उमगलं, म्हणून ठळकपणे सांगते: फोनमधल्या फाइलचं खरं कुलूप म्हणजे फोनचा पिन.

अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, प्रत्येक फाइल वेगळी कुलूपबंद करून साठवायची सोय आली, आणि अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनना ती सक्तीची झाली. आयफोनमध्ये त्याहून आधीपासून आहे. त्यासाठीची चावी दोन गोष्टी मिळून बनते, तुमचा पिन आणि त्याच फोनच्या चिपमध्ये पुरलेलं गुपित. त्यामुळे साठवणीची चिप काढून दुसरीकडे लावली तरी हाती कचराच लागतो. अंदाज मारायचे तर त्याच फोनवर मारावे लागतात, आणि तो दर काही चुकांनंतर थांबायला लावतो. म्हणून सहा आकडी पिन, ज्याच्या दहाच लाख शक्यता आहेत, फोनवर भारी ठरतो, आणि आठ आकडी जन्मतारीख फाइलवर कुचकामी.

करायचं काय:
• चार आकडी असेल तर सहा आकडी करा. गाडीचा नंबर, लग्नाची तारीख, १२३४५६ नको.
• पॅटर्न सोडा. तिरप्या उजेडात काचेवर बोटाचा माग दिसतो, आणि बसमध्ये शेजारच्याला तो पिनपेक्षा सहज लक्षात राहतो. आईचा पॅटर्न इंग्रजी एल होता. विचारून बघा, तुमच्या ओळखीतल्या किती जणांचा तोच आहे.
• दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल, प्रवासात सामानात टाकायचा असेल, तर फोन बंद करून चालू करा आणि पिन घालू नका. एकदा उघडला की पुढे स्क्रीन लॉक असली तरी चाव्या फोनच्या स्मृतीत जाग्या असतात. पहिला पिन घालेपर्यंत त्या झोपलेल्या असतात.
• लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. ओटीपी तिथूनच वाचला जातो.

सापळा: मेमरी कार्ड. साध्या पद्धतीनं टाकलेल्या कार्डावर फोनच्या कुलपाची सावलीही पडत नाही. काढा, पन्नास रुपयांच्या रीडरमध्ये घाला, सगळं दिसतं. जपायच्या फायली कार्डावरून आजच आत हलवा.

५. उघडी पडलेली प्रत शोधा

कपाटाला कुलूप आणि दागिने टेबलावर, अशी माझी अवस्था इथे निघाली. पासवर्ड सारखा घालायचा कंटाळा म्हणून मी ई-आधार एकदा उघडून ‘प्रिंट’मधून पुन्हा पीडीएफ म्हणून साठवलं होतं. त्या प्रतीला पासवर्ड नाही. तीच मी पुढे दोन वर्षं सगळ्यांना पाठवत होते.

बघायच्या जागा:
• डाउनलोड फोल्डर, आणि झिप सोडवल्यावर शेजारी तयार झालेलं उघडं फोल्डर.
• स्क्रीनशॉट. फाइल उघडून त्याचा फोटो काढला असेल तर तो गॅलरीत, आणि बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोजमध्येही.
• व्हॉट्सअ‍ॅप. फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमधलं ‘डॉक्युमेंट्स’. त्यात ‘सेंट’ नावाचं आणखी एक फोल्डर असतं, आपण पाठवलेल्या फायलींचं. तिकडे कुणी बघतच नाही.
• कचरापेटी. फाइल्स बाय गूगलमध्ये टाकलेली वस्तू ३० दिवस राहते, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली असेल तर ६० दिवस. खोडल्यावर पेटीही रिकामी करा.
• ईमेलचा ‘पाठवलेले’ कप्पा.
• कीबोर्डचा क्लिपबोर्ड. पासवर्ड कॉपी केला तर गूगलचा कीबोर्ड तो तासभर धरून ठेवू शकतो.

आणखी एक सापळा, सगळ्यांत मोठा: ‘पीडीएफ अनलॉक’ करून देणारी फुकट संकेतस्थळं. तिथे तुम्ही बँक स्टेटमेंट आणि त्याचा पासवर्ड, दोन्ही अनोळखी माणसाच्या संगणकावर स्वतःहून नेऊन ठेवता. पासवर्ड घालून देणाऱ्या कित्येक अ‍ॅपचंही तेच. ओळखायची एक साधी चाचणी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. काम होत असेल तर ते निदान फोनमध्येच होतंय. ‘इंटरनेट जोडा’ म्हणालं तर ते अ‍ॅप काढून टाका.

६. लपवणाऱ्या अ‍ॅपपासून जपून

कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं, पिन टाकला की आतून तिजोरी उघडणारं अ‍ॅप तुम्ही पाहिलं असेल. यातली बरीचशी फाइलचं नाव बदलून, पुढे एक टिंब लावून, तिला लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकतात. फोन संगणकाला जोडला की सगळं दिसतं. उलट त्रास असा की अ‍ॅप काढलं तर कधीकधी आतल्या फायलीही जातात. भाच्याच्या मित्राचे गोव्याच्या सहलीचे फोटो असेच गेले. त्यावर हळहळणारे कमी आणि हसणारे जास्त होते, ते सोडा.

फोनबरोबर आलेली सोय वापरा. सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर आहे. अँड्रॉइड १५ पासून प्रायव्हेट स्पेस आलंय. फाइल्स बाय गूगलमध्ये सेफ फोल्डर आहे, साध्या फोनवरही चालतं. आयफोनमध्ये आयओएस १८ पासून बहुतेक कुठलंही अ‍ॅप लॉक करता येतं, आणि स्वतः उतरवलेलं लपवताही येतं. या कप्प्याचा पिन शक्य तिथे फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर तोच दरवाजा दोनदा बंद केल्यासारखं होतं. आणि तो विसरू नका. सेफ फोल्डरचा पिन विसरलात तर आतलं परत मिळत नाही.

७. स्वतःचं कुलूप लावा

फोनबाहेर जाणाऱ्या फायलींसाठी, म्हणजे ड्राइव्हवर ठेवायच्या, पेनड्राइव्हवर न्यायच्या, परदेशातल्या भावाला पाठवायच्या असतील त्यांच्यासाठी, स्वतः ठरवलेला पासवर्ड हवा.

झेडआर्कायव्हर किंवा रारसारखं अ‍ॅप घ्या. सगळ्या फायली निवडून त्यांचा एकच गठ्ठा करा. स्वरूप विचारेल तेव्हा झिप न घेता सेव्हन-झेड किंवा रार घ्या. सेव्हन-झेड आणि आजचं रार, दोन्हींत एईएस-२५६ असतं. फायलींची नावं झाकण्याचा पर्याय दिसला तर त्यावर टिक करा. आयफोनवर एकट्या पीडीएफला फाइल्स अ‍ॅपमधूनच पासवर्ड घालता येतो.

पासवर्ड कसा निवडायचा? घरातला मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पाच पानं उघडा, प्रत्येक पानावर बोट पडेल तो शब्द घ्या. मला मिळाले होते असेच काहीतरी: परात, उंबरा, सलगी, ढेकूण, वायदा. (हे वापरू नका आता.) आठ हजार शब्दांतून पाच उचलले तर शक्यता ३२ च्या पुढे अठरा शून्यं. अट एकच, निवड बोटानं करायची, मनानं नाही. ज्ञानेश्वरीची ओवी, ‘मनाचे श्लोक’मधली ओळ, गाण्याचं धृपद, यांपैकी काही नको, जे आपल्याला पाठ, ते सगळ्यांनाच पाठ.

इथे मराठी माणसासाठी दोन खास खड्डे आहेत. पहिला, पासवर्ड देवनागरीत टाइप करू नका. जुन्या पद्धतीच्या पीडीएफना देवनागरी अक्षरं कळतच नाहीत, आणि एका कीबोर्डवर टाइप केलेलं जोडाक्षर दुसऱ्यावर हुबेहूब तसंच उमटेल याची खात्री नाही. त्याच जुन्या पीडीएफ ३२ अक्षरांपुढचं काही बघतही नाहीत. दुसरा खड्डा, शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना स्पेलिंग ठरवून ठेवा. ‘वायदा’ला व्ही की डब्ल्यू, ‘परात’मध्ये ए किती? मी एक गठ्ठा असाच गमावला. शब्द पाचही आठवत होते, स्पेलिंग आठवेना.

बंद केलेली फाइल लगेच उघडून बघा, शक्यतो दुसऱ्या फोनवर. उघडली, की मगच मूळ उघड्या फायली खोडा.

८. फोन किंवा फाइल दुसऱ्याच्या हाती देताना

झेरॉक्सचं दुकान टळत नाही. पण शक्य तिथे मास्क्ड आधार न्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात, आणि आधारच्या संकेतस्थळावरून उतरवताना तसा पर्याय मिळतो. प्रिंट हातात आली की उभ्या उभ्या सांगा, “माझ्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही.” पहिल्यांदा लाज वाटते. तो मुलगा मात्र काही न बोलता करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ केल्यानं भागत नाही. त्याच्या संगणकावर उतरलेली प्रत तशीच राहते. कागद लागत नाही तिथे केंद्र सरकारचं डिजिलॉकर दाखवा, ते २०१५ पासून आहे.

फाइल आणि पासवर्ड एकाच वाटेनं पाठवू नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर, तर पासवर्ड फोन करून.

आता दुरुस्ती. आईच्या फोनची काच फुटली तेव्हा दुकानदारानं पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावली: नाव, मोबाइल नंबर आणि नऊ ठिपक्यांवर काढलेला तिचा एल. तसे वीस-पंचवीस फोन काउंटरवरच्या ट्रेमध्ये पडले होते, प्रत्येकाची किल्ली पाठीवर चिकटवलेली. काच किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही. टच चालतो का ते तुम्ही समोर उभं राहून तपासून देऊ शकता. ठेवून जावंच लागलं तर सॅमसंगच्या पुष्कळ फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये रिपेअर मोड. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन चालवता येतो, तुमच्या फायली दिसत नाहीत. दोन्ही नसेल तर काम झाल्यावर पिन बदला, आणि ती पट्टी स्वतः सोलून घ्या.

९. पासवर्ड कुठे ठेवायचा

स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये नको. ‘पासवर्ड’ नावाच्या नोटमध्ये नको. संपर्कांच्या यादीत ‘बँक काका’ या नावानं सेव्ह केलेला नंबर म्हणूनही नको. ही युक्ती चोरांनाही ठाऊक आहे.

बिटवॉर्डन किंवा कीपासडीएक्ससारखं पासवर्ड मॅनेजर वापरा. पहिल्यात पासवर्ड कंपनीच्या सर्व्हरवर कुलूपबंद ठेवले जातात, त्यामुळे फोन गेला तरी मिळतात. दुसऱ्यात सगळं तुमच्याच फाइलमध्ये राहतं, पण तिचा बॅकअप तुम्हीच घ्यायचा. मी पहिलं वापरते, भाचा दुसरं, आणि त्यावर आमचं भांडण मिटलेलं नाही.

मॅनेजर उघडायचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवा. सांगलीतल्या माझ्या कपाटापर्यंत यायला चोराला घर फोडावं लागेल, आणि ते फोडणारा कागद शोधत बसत नाही. घरातल्या एका तरी माणसाला तो कागद कुठे आहे ते माहीत असू दे. वडील गेल्यावर त्यांच्या मुदतठेवींची यादी एका पासवर्डवाल्या एक्सेलमध्ये होती. ती आजही बंदच आहे. पावत्या शोधायला आम्ही चार महिने बँका पालथ्या घातल्या.

१०. फोन हरवलाच तर

क्रम महत्त्वाचा आहे. घाबरून आधी पोलीस ठाण्याकडे पळू नका. पहिली पाच मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर घालवा.

आधी फोन दुरून लॉक करा. अँड्रॉइडसाठी गूगलचं फाइंड हब, ज्याचं नाव आधी फाइंड माय डिव्हाइस होतं. आयफोनसाठी फाइंड माय. इथे एक सापळा आहे. गूगलमध्ये दुसऱ्या फोनवरून शिरताना ते ओटीपी हरवलेल्याच फोनवर पाठवू शकतं. म्हणून गूगल खात्यातले दहा बॅकअप कोड आजच कागदावर उतरवून त्याच कपाटात ठेवा.

मग सिम बंद करायला कंपनीला फोन करा, आणि बँकेला. पैसे गेलेले दिसले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर. त्यानंतर पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. त्याच नंबराचं नवं सिम मिळालं, की दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय बंद करायचा अर्ज करा. तिथे तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय लागतो.

आयएमईआय फोनवर *#०६# दाबून दिसतो, पण फोन गेल्यावर फोनवर दाबणार कुठे? डब्यावर छापलेला असतो म्हणतात. आमच्या घरी तो डबा आईनं सुया-दोऱ्यांना घेतलाय आणि आकडे पुसट झालेत. मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. जानेवारीत ते कॅलेंडर रद्दीत गेलं. आता कपाटाच्या दाराला आतून, ऑइलपेंटवर मार्करनं, दोन-दोन सिमच्या दोन्ही फोनचे चारही क्रमांक.